कोपरखैरणे: १८ किलोच्या देशी कुत्र्याला परवडेल असं चांगलं खाणं कोणतं?

जाईजुई

नमस्कार. आमचा टिपू देशी आहे, थोडं लॅबचं रक्त असावं असं कॉलनीतली पोरं म्हणतात. वय दोन वर्षं, नसबंदी झालेली, वजन १८ किलो. आम्ही कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीत राहतो. सकाळ-संध्याकाळ निसर्ग उद्यानापर्यंत एक फेरी, बाकी दिवसभर साहेबांचा मुक्काम दारातल्या पायपुसण्यावर.

खर्चाचं गणित बसत नाहीये म्हणून विचारतेय. ३ किलोची पिशवी ९०० रुपयांना येते आणि दहा दिवसांत संपते. म्हणजे महिन्याला २,७०० नुसत्या कोरड्या खाण्याचे. आमचे हे तुर्भ्याला दाणा मार्केटमध्ये आहेत, गाड्या कमी आल्या की पैसाही कमी. दोन हजारांच्या आत बसलं तर बरं पडेल.

घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई माळकरी, स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलसुद्धा चालत नाही. टिपूच्या दाण्यांत कोंबडी असते हे त्यांना माहीत आहे, पण तो विषय त्याही काढत नाहीत आणि मीही काढत नाही. दुसरा पक्ष आबांचा, म्हणजे सासऱ्यांचा. रात्री जेवून उठले की टिपूला तीन चपात्या, वर तूप आणि वाटीभर दूध. काही बोललं की म्हणतात, "एवढा धडधाकट जीव, तो काय गोळ्या खाऊन जगायचा?"

स्टेशनकडे जाताना एका दुकानात सुट्टं मिळतं, १३० रुपये किलो. दुकानदार म्हणतो, माल तोच आहे, तुम्ही पिशवीवरच्या चित्राचे पैसे भरता. दुसरीकडे डॉक्टरांनी एका परदेशी खाण्याचं नाव लिहून दिलंय. त्याचा भाव ऐकला आणि चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवून दिली.

पुढच्या बाजूला तर सगळ्यांनीच कोंबडी आणि गाजरं छापलीत. मागचं बारीक अक्षर वाचता येतं, पण त्यावरून काय समजायचं ते कळत नाही. सुट्टं घेऊ का? घरचं देऊ का, आणि आमच्या घरात ते करू तरी कसं? मधूनमधून अंग खाजवतो आणि शी पातळ होते, तेही खाण्यामुळेच का?

मेढ्याचा पाव्हणा

ताई, कुत्रं आहे का जावई? आमच्या मोत्यानं जन्मभर ज्वारीची भाकरी आणि ताक खाल्लं. तेरा वर्षं राखण केली, दवाखान्याची पायरी चढला नाही. ह्या पिशव्या म्हणजे शहरातल्या लोकांच्या खिशाला कात्री. आबांचं बरोबर आहे.

सारसोळेकर

नेरुळला माझं पेट शॉप होतं. आता बंद केलंय, त्या गाळ्यात मोबाईलची कव्हरं विकतात. कुठल्या कंपनीशी देणंघेणं उरलेलं नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

आधी सुट्ट्याचं. ते डोक्यातून काढा. "माल तोच" हे पुष्कळदा खरं असतं, दुकानदार खोटं बोलतोच असं नाही. पण २० किलोचं पोतं फोडून काउंटरच्या पायाशी उभं केलेलं, त्यात प्लास्टिकचा मग खोचलेला; ते फोडलं कधी हे कुठेच लिहिलेलं नसतं. तळाशी दोन-तीन किलो उरलं की त्यावरच नवीन पोतं ओततात. मग खालचा माल कुठल्या महिन्यातला, हे खुद्द दुकानदारालाही सांगता येत नाही.

हे दाणे भट्टीतून निघाल्यावर त्यांच्यावर बाहेरून चरबी मारलेली असते, कुत्रं वाडग्याकडे धावतं ते त्या वासानं. ती चरबी हवा लागून खवट होते. त्यात आपला पावसाळा. नेरुळच्या खाडीकाठी जुलैमध्ये बिस्किटाचा पुडा रात्रभर उघडा राहिला तर सकाळी त्याचं काय होतं ते आठवा. दाणा मऊ पडला की बुरशी आली. दिसणाऱ्या बुरशीची मला तेवढी भीती नाही, माणूस फेकून देतो. पण मक्याला लागणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष डोळ्याला दिसत नाही, शिजवून जात नाही आणि थेट यकृत धरतं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत असा माल निघाला, शंभराहून जास्त कुत्री दगावल्याची नोंद तिथल्या एफडीएकडे झाली. आणि तो माल तर बंद पिशव्यांतला होता. बंद पिशवीवर बॅच नंबर असतो म्हणून निदान तो परत तरी मागवता आला. सुट्ट्याचा बॅच नंबर कुणाला विचारणार?

आता पिशवी उलटी करा. मागे चार आकडे असतात: क्रूड प्रोटीन कमीत कमी किती, क्रूड फॅट कमीत कमी किती, फायबर आणि मॉइश्चर जास्तीत जास्त किती. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी अमेरिकेतल्या आफ्को (पशुखाद्याचे निकष ठरवणारी संघटना) मानकात, पाणी वजा करून, प्रोटीन किमान १८ टक्के आणि फॅट किमान साडेपाच टक्के लागतं. पिल्लांसाठी साडेबावीस आणि साडेआठ. हा पास होण्याचा आकडा आहे, पहिल्या नंबराचा नाही.

ह्या चार आकड्यांत जे सांगितलेलं नसतं ते आपण काढायचं. प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर यांची बेरीज करा, त्यात राखेचे म्हणजे खनिजांचे सात-आठ मिळवा आणि शंभरातून वजा करा. उरलं ते पीठ. पीठ वाईट नाही, पण कोंबडीच्या भावानं पीठ विकत घेऊ नये एवढंच.

प्रोटीनचा आकडाही डोळे मिटून मानायचा नाही. कारखान्यात प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्यावरून काढतात. २००७ मध्ये चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं गेलं ते ह्याच कारणानं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, म्हणजे कागदावर प्रोटीन वाढलं, आणि अमेरिकेत कुत्र्यामांजरांच्या किडन्या गेल्या. म्हणून आकड्याबरोबर घटकांची यादी वाचायची.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि वजन शिजवण्याआधीचं. इथे गंमत आहे. "फ्रेश चिकन" पहिलं लिहिलं असेल तर त्यात जवळजवळ सत्तर टक्के पाणी धरा, दाणा वाळल्यावर ते उडून जातं. "चिकन मील" नाव ऐकून लोक नाक मुरडतात, पण ती पाणी काढलेली पूड आहे, त्यामुळे पहिल्या दोनात चिकन मील असेल तर मी त्याला चांगला माल म्हणतो. नुसतं "मीट मील" लिहिलंय आणि कुठल्या जनावराचं ते लिहिलेलं नाही, तिथे मात्र पिशवी खाली ठेवा. दुसरी युक्ती अशी: मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा असे तीन तुकडे करून लिहायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा कोंबडीच्या खाली जातो. तिन्ही मनात एकत्र करा आणि मग बघा पहिला कोण.

पुढच्या बाजूच्या शब्दांत फक्त दोन बघा. "फ्लेवर" म्हणजे चव, मांस असेलच असं नाही. आणि "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" की "कॉम्प्लिमेंटरी"? पहिलं म्हणजे पूर्ण जेवण, दुसरं म्हणजे तोंडी लावणं. ग्रेव्हीची बरीच पाकिटं त्यातली असतात. तशीही त्यांत ऐंशी टक्के पाणी असतं. एका छोट्या पाकिटात सत्तर-ऐंशी कॅलरी. नुसत्या त्यावर टिपूला ठेवलं तर दिवसाला अकरा-बारा फोडावी लागतील.

तुमच्या पिशवीच्या मागचं जसंच्या तसं इथे टाका. दुसरी कुठली मनात असेल तर तिचंही, १० किलोच्या भावासकट. आणि १०० ग्रॅमला कॅलरी किती ते शोधा, अगदी कोपऱ्यात असतं. किलोच्या भावावर कुत्र्याचं खाणं घेत नाहीत, दिवसाच्या वाडग्याला किती पडतं ते बघतात.

पावशेर

ठाण्याहून एक भर. ऑनलाइन सेलमध्ये मोठी पिशवी निम्म्या भावात दिसली की आधी उत्पादनाची तारीख विचारा. दोन-तीन महिनेच उरलेला माल तिथे बरेचदा निघतो. लहान घरात २० किलो खपेपर्यंत मुदत संपते. बाहेरून आलेल्या पिशव्यांवर आयातदाराचा कागद चिकटवलेला असतो, तो तारखेवरच चिकटलेला असेल तर घेऊ नका.

जाईजुई

सारसोळेकर दादा, भिंग लावून वाचलं म्हटलं तरी चालेल. लिहिते.

आत्ताची पिशवी: प्रोटीन २०, फॅट १०, फायबर ५, मॉइश्चर १०. १०० ग्रॅमला ३४० कॅलरी. यादीत पहिलं "सीरियल्स अँड सीरियल बाय-प्रॉडक्ट्स", मग चिकन आणि चिकन बाय-प्रॉडक्ट्स, मग सोयाबीन. ३ किलो ९००, १० किलो २,५०० ला.

दुसरी, वाशीच्या दुकानात बघितलेली: प्रोटीन २६, फॅट १४, फायबर ४, मॉइश्चर १०. १०० ग्रॅमला ३८५ कॅलरी. पहिलं चिकन मील, मग तांदूळ, मका, चिकन फॅट. १० किलो ३,१०० ला. किलोला साठ रुपये जास्त, म्हणून परत ठेवली.

सारसोळेकर

चला, मोबाईल काढा.

१८ गुणिले १८ गुणिले १८. आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा, त्याचं परत वर्गमूळ. मग गुणिले ७०. साधारण ६१२ येतील. टिपू नुसता पडून राहिला तरी एवढ्या कॅलरी लागतात. डॉक्टर लोक हेच सूत्र वापरतात. नसबंदी झालेल्या, व्यवस्थित फिरणाऱ्या कुत्र्याला ह्याच्या १.६ पट देतात. पण दोन फेऱ्या आणि पायपुसण्यावर मुक्काम, हे तुम्हीच लिहिलंय, तेव्हा मी १.४ धरतो. ८६० कॅलरी झाल्या.

आत्ता त्याला काय मिळतंय? ३ किलो दहा दिवसांत, म्हणजे रोज ३०० ग्रॅम, १,०२० कॅलरी. वर आबांच्या तीन तुपाच्या चपात्या आणि दूध, कमी धरलं तरी साडेचारशे. एकूण जवळजवळ दीड हजार. ताई, तुमचं कुत्रं दीड कुत्र्याचं जेवतंय. शी पातळ व्हायला एवढंही पुरे असतं. बरगड्यांवरून हात फिरवा, न दाबता लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. नसेल तर १८ किलो हे त्याचं खरं वजन नाही, आणखी कमी द्यावं लागेल.

आता वाडग्याचा भाव. आत्ताच्या पिशवीचे ८६० कॅलरीला २५३ ग्रॅम लागतात. १० किलोच्या भावानं ६३ रुपये, ३ किलोच्या भावानं ७६. दुसऱ्या पिशवीचे २२३ ग्रॅम पुरतात, ६९ रुपये. किलोला साठ रुपयांचा दिसणारा फरक वाडग्यात सहा रुपयांवर येतो. वर पीठ मोजा: पहिलीत राखेचे आठ धरून ४७ टक्के, दुसरीत ३८.

आबांचं मन मोडायचं नसेल तर एक कोरडी चपाती, शंभर कॅलरी, हिशेबात धरून द्या. मग दाणे २०० ग्रॅमच्या आत येतात. दुसरी पिशवी महिन्याला साधारण १,८३० रुपयांत बसते. तुमचं दोन हजारांचं बजेट पाळलं गेलं आणि माल आजच्यापेक्षा बरा.

पिशवीवरचा तक्ता बहुतेक वेळा सढळ असतो. आणि मगानं मोजू नका, काट्यावर मोजा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दाण्याचा आकार वेगळा, एका मगात ८० ग्रॅमही बसतात आणि ११० ही. दोनशे रुपयांचा स्वयंपाकाचा काटा पहिल्याच महिन्यात वसूल होतो.

डॉ. निवृत्त

पशुसंवर्धन खात्यात नोकरी झाली, आता ऐरोलीत असतो. चार मुद्दे, विस्कळीत आहेत.

मेढ्याच्या पाव्हण्यांना आधी. मोत्या जगला त्यात भाकरीचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. कुत्र्याला धान्य पचतं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याकडे पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीबरोबर राहून त्याचं पोट बदललं. पण तुमचा मोत्या दिवसभर शिवारात असणार. उंदीर, घोरपडीची पिल्लं, गाईच्या बाळंतपणात पडलेला वार, हे सगळं त्यानं कुणाला न विचारता खाल्लं असेल. टिपूच्या वाट्याला माथाडी वसाहतीत फक्त चपाती येते.

दूध बंद. मोठ्या कुत्र्यांत बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, पातळ शीचं ते पहिलं संशयित. ताक त्या मानानं सोसतं, तेही चमचाभर.

खाज. लोक लगेच खाणं बदलतात. आपल्या दमट हवेत आधी पिसवा आणि गोचीड बघा, बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे. खाण्याची ॲलर्जी असते, पण त्या मानानं कमी. असली तर बहुधा बीफ, दूध, कोंबडी, गहू यांची. म्हणजे महागड्या पिशवीतली कोंबडीसुद्धा कारण असू शकते. ती ओळखायला रक्ताची तपासणी भरवशाची नाही. किमान आठ आठवडे त्यानं पूर्वी कधी न खाल्लेल्या एकाच प्रकारच्या प्रथिनावर ठेवून बघावं लागतं, आणि त्या काळात आबांची चपातीही नाही.

डॉक्टरांनी लिहिलेली पिशवी कशासाठी आहे ते त्यांना विचारा. मूत्रपिंड, मूतखडा, स्वादुपिंड अशा एखाद्या आजारासाठी असेल तर तिथे काटकसर करू नका. सर्वसाधारण सल्ला म्हणून असेल तर "माझं बजेट एवढं आहे" असं तोंडावर सांगा. आम्हाला राग येत नाही. उलट कुणी सांगतच नाही, ही तक्रार आहे.

घरचं खाणं. भात आणि कोंबडी हे आजारपणातलं दोन-चार दिवसांचं पथ्य आहे, वर्षभराचं जेवण नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. महिनोन्महिने तेच दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, पिल्लांचे पाय वाकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत एखादं तरी पोषकद्रव्य कमी निघालं. आणि त्यातल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या, हे आमच्या धंद्याबद्दल. म्हणून पूर्ण घरचं नको. दाणे मुख्य, घरचं वर चवीपुरतं, दिवसाच्या दहा टक्क्यांच्या आत. तेवढ्यानं समतोल बिघडत नाही.

तुमच्या घराबद्दल एक खास. एकादशीच्या किंवा सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, मनुके टिपूच्या पोटात जाता कामा नयेत. द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्ल्यावर, याचा ठाम नियम नाही. कांदा-लसूण घातलेली आमटी नको, चॉकलेट नको, शुगर-फ्री च्युइंगमही नको. शिजवलेलं हाड तर नकोच, ते फुटून टोकदार होतं.

दिवाळ्याची बाय

आमच्या कुत्र्यांना तारली. बेलापूरला दिवाळे गावच्या बाजारात हंगामात ढिगानं स्वस्त मिळते. कुकरला चांगल्या सहा-सात शिट्ट्या काढल्या की काटा बोटानं चुरतो, मग चिंता नाही. मीठ-मसाला काही नको. आठवड्यातून एक-दोनदा दाण्यावर चमचा-दोन चमचे, केस बघा कसे चमकतात. सुकी मासळी देताना मात्र खारवलेली घेऊ नका, बोंबील-सुरमईच्या खाऱ्या तुकड्यांत मीठ ठासून असतं. माळकरी घरात कुकरचा वास लपवायचा कसा, ते मला विचारू नका बाई.

मेढ्याचा पाव्हणा

डॉक्टर, मोत्या उंदीर खायचा हे खरं आहे. शेजाऱ्याच्या कोंबड्यापण खायचा. पैसे आम्ही भरले.

जाईजुई

सगळ्यांचे आभार. ह्यांना दीड कुत्र्याचा हिशेब दाखवला, ते दोनदा वाचून हसले आणि आबांना मोठ्यानं वाचून दाखवला. आबा म्हणाले, "मग अर्धं कुत्रं कमी करा, चपाती कमी करू नका." शेवटी तडजोड एका चपातीवर झाली, बिनतुपाची. दुधाचं त्यांनी ऐकलं, कारण शी उचलायला तेच जातात.

बरगड्या बघितल्या. लागतात, पण दाबल्यावर. कंबर शोधावी लागते.

तारलीचा विषय घरात निघणं शक्य नाही. पण गॅलरीतल्या इंडक्शनवर वेगळ्या पातेल्यात अंडं उकडायला सासूबाईंनी हरकत घेतली नाही, पातेलं बाहेरच धुवायचं एवढीच अट. दार लावून घेतात आणि आत हरिपाठ म्हणतात. ह्यांच्याकडे तांदळाची कणी स्वस्तात मिळते, ती दाण्यांच्या जागी थोडी दिली तर चालेल का? आणि १० किलोची पिशवी एका कुत्र्याला संपणार कधी? पावसाळा तोंडावर आलाय. शेजारच्या विंगमध्ये एकांकडे ब्राउनी नावाची देशीच कुत्री आहे, त्यांच्याशी निम्मी करू का? आणि आणल्यावर ठेवायची कशी? माझ्याकडे तांदळाचा मोठा डबा रिकामा आहे.

डॉ. निवृत्त

उकडलेलं अंडं उत्तम, एका अंड्यात सत्तर-पंचाहत्तर कॅलरी. रोज नको, आठवड्यातून तीन पुरे, आणि ज्या दिवशी अंडं त्या दिवशी चपाती नाही. कणीनं खर्च वाचेल, पण शिजलेल्या भातात प्रोटीन फार थोडं असतं, आणि दाणे कमी केले की त्यांतली जीवनसत्त्वं आणि खनिजंही कमी होतात. पोट बिघडलं तर पथ्याला वापरा, रोजच्या भरतीला नको.

नवी पिशवी आणलीत तरी जुनी लगेच बंद करू नका. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, असे सात ते दहा दिवस घ्या. एकदम बदललं तर शी परत पातळ होईल आणि तुम्ही नव्या पिशवीला नावं ठेवाल. वजन महिन्यानं परत करा.

सारसोळेकर

ब्राउनीच्या घरच्यांना आजच विचारा. रोज २०० ग्रॅमनं १० किलो तुम्हाला पन्नास दिवस जाईल, आणि फोडलेली पिशवी सहा आठवड्यांच्या आत संपवावी असं माझं मत, पावसात त्याच्याही आधी. निम्मं-निम्मं केलंत तर तीन-साडेतीन आठवड्यांत साफ. फक्त जिच्याकडे मूळ पिशवी राहणार नाही तिनं तारीख आणि बॅच नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा.

डबा चालेल, पण दाणे त्यात थेट ओतू नका. डब्याच्या आतल्या बाजूला चरबीचा थर बसतो, तो धुतला नाही तर खवट होतो आणि पुढच्या मालाला वास लावतो. पिशवीसकट डब्यात ठेवा, तोंड हवा काढून गुंडाळा, वर कपड्याचे दोन चिमटे लावा. पिशवीच्या आतला चकचकीत थर हवा आणि ओल अडवण्यासाठीच असतो, त्याचे पैसे तुम्ही भरलेत. तुमच्या वाट्याचं वेगळं काढायचं असेल तर झिप-लॉकच्या जाड पिशव्यांत आठवड्या-आठवड्याचे भाग करा. डबा गॅसजवळ नको, गॅलरीतही नको. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, फरशीपासून थोडा वर.

वाशीच्या त्या दुकानात पिशवी घेताना मागच्या रांगेतली मागा. पुढची बहुतेक जुनी असते, आम्ही तशीच लावायचो.